करुणाची पाचची गाडी आणि आमच्या कमिट्या

लग्नघरासमोर चपलांचा ढीग पडतो ना, तसे हे किस्से साचतात. आपली जोडी शोधायला जावं आणि एक आपली, एक दुसऱ्याची घालून घरी यावं! आमच्या भूगोल विभागाच्या विद्यार्थी परिषदेचं वर्ष आठवायला बसले की माझं असंच होतं. मी परिषदेची सचिव होते, म्हणजे मला तरी सगळं माहीत असायला हवं. पण खरं सांगते, त्या वर्षी नेमकं काय चाललंय हे मला एकदाही धड कळलं नाही.

परवा यवतमाळला गेले होते, तेव्हा विभागात डोकावले. आता तिथे प्रॅक्टिकल सकाळी असतं, आमच्या वेळी संध्याकाळपर्यंत चालायचं. का, म्हणून नव्या पोरांना विचारलं, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली. "पहिल्यापासून असंच आहे न, ताई!" म्हणे. पहिल्यापासून! मी कपाळाला हात लावला.

*

परिषदेची निवडणूक झालीच नाही, कारण उभं राहायला कोणी तयार नव्हतं. आमचे विभागप्रमुख सर साताऱ्याकडचे, नुकतेच रुजू झालेले. माणूस मनाने चांगला, पण शिस्तीचा भोक्ता. त्यांनी आम्हाला वर्गात बसवलं आणि जाहीर केलं, "आता या दारातून जो पहिला आत येईल, तो अध्यक्ष!"

आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो. थोड्या वेळाने दिग्रसजवळच्या तांड्यावरचा प्रवीण राठोड घामाघूम होऊन आत आला. त्याची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती. वर्गात टाळ्यांचा कडकडाट! त्याला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे. तोही जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला.

मला सचिव केलं, कारण माझ्या हातात पेन होतं.

मग सरांनी परिषदेचा नियम सांगितला. "परिषद म्हणजे रडगाणं नव्हे. जो समस्या सांगेल, तोच ती सोडवेल. ज्याची तक्रार, त्याची कमिटी!" हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. आम्हाला ते इतकं आवडलं की आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. आपण कशाला टाळ्या वाजवतोय हे तेव्हाही कोणाला माहीत नव्हतं.

*

पहिला बळी गेला सुमेधचा. सुमेध म्हणजे बाभुळगावचा, माझ्याच गावचा. त्याने सहज म्हटलं, "सर, कूलरचं पाणी गरम येऊन राह्यलं." झाला पाणी समितीचा अध्यक्ष!

चौकशीअंती कळलं की पाण्याचा कूलर आणि वर्गातला प्रोजेक्टर यांना मिळून एकच सॉकेट आहे. वर्ग चालू असला की कूलर बंद, पाणी थंड हवं असलं की वर्ग बंद. तेवढ्यात एका मुलीने प्रोजेक्टर मधेच बंद पडतो अशी तक्रार केली. ती प्रोजेक्टर समितीची अध्यक्ष झाली. मग दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक झाली आणि तीत भांडणं झाली.

शेवटी तोडगा निघाला. सेमिनार देणाऱ्याने आधी वर्गाला विचारायचं, "पाणी की पीपीटी?" बहुमत असेल तसं. उन्हाळ्यात एकाही सेमिनारला पडद्यावर काही दिसलं नाही. एकाने तर मान्सूनचे वारे हातवारे करून समजावले आणि शेवटी स्वतःच हवामान अंदाजासारखा चुकला!

तुम्ही म्हणाल, एक एक्स्टेंशन बोर्ड आणला असता तर? अहो, ते सगळ्यांच्याच डोक्यात होतं. पण बोलायचं कोणी? जो बोलेल तो एक्स्टेंशन बोर्ड समितीचा अध्यक्ष झाला असता.

*

मग तक्रारी अजिबातच बंद झाल्या. सर खूश झाले, आणि पुन्हा त्यांना संशयही आला. त्यांनी जिन्याखाली तक्रारपेटी लावली. "नाव लिहू नका, निर्भयपणे लिहा," म्हणाले.

महिन्याने पेटी उघडली. आत एकच गोष्ट निघाली, लग्नाची पत्रिका. लग्न ढाणकीला होतं. वर कोण, वधू कोण, आमच्यात कोणालाच पत्ता नाही. कोणीतरी पोस्टाची पेटी समजून टाकली असावी. पण अध्यक्ष प्रवीण गंभीरपणे म्हणाला, "परिषदेले बोलावणं आलं न बे. नाही गेलं त बरं नाही दिसत."

आणि आम्ही गेलो हो! कुठे यवतमाळ, कुठे उमरखेडच्या पुढचं ढाणकी. पंगतीत बसलो तर एका काकांनी विचारलं, "तुमी कोणाकडून? नवऱ्याकडून का नवरीकडून?"

प्रवीण ताठ बसून म्हणाला, "आमी विद्यार्थी परिषदेकडून!"

काकांनी लगेच हात जोडले आणि आमच्या पानात आणखी दोन-दोन बुंदीचे लाडू वाढायला लावले. ते काय समजले, देव जाणे.

*

आता करुणाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

करुणा मागच्या बाकावर बसायची. कळंबच्या पुढे बरंच आत तिचं गाव. गावात जाणारी शेवटची एसटी यवतमाळहून पाचला सुटते. आणि आमचं प्रॅक्टिकल संपायचं साडेपाचला. विभागाला होस्टेल नाही, आणि खोली करून राहायला तिच्या घरचे तयार नव्हते. त्यामुळे रोज साडेचारला ती आपला अर्धा नकाशा गुंडाळून उठायची आणि बसस्टँडकडे पळायची. सर रोज तिची गैरहजेरी लावायचे. प्रॅक्टिकलची हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. थोडक्यात, पाचची गाडी धरली की परीक्षा जाणार, आणि परीक्षा धरली की गाडी जाणार. नकाशे मात्र वर्गात सगळ्यांत सुंदर तिचेच असायचे, अर्धे असले तरी.

तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मलाच एकदा पाण्याच्या कूलरपाशी म्हणाली, "बाबा म्हणतात, परीक्षेलेच नाही बसू देत त मंग कायले जातं वं रोज?" आणि डोळे पुसून कोमट पाणी प्यायली. मला भयंकर राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना. सरांचा म्हणावं तर सर वाईट नव्हते, एसटीचा म्हणावं तर ती बिचारी निदान वेळेवर सुटत होती.

*

परिषदेने ठरवलं, मोर्चा काढायचा! प्रॅक्टिकलची वेळ बदला, अशी मागणी. निवेदन मी लिहिलं.

अडचण अशी निघाली की सरांची केबिन वर्गाला लागूनच. मोर्चा वर्गातून निघाला की घोषणा सुरू व्हायच्या आत पोहोचणार! प्रवीण म्हणाला, "मोर्च्याले काही इज्जत पाह्यजे का नाही?" म्हणून आम्ही मागच्या गेटने बाहेर पडलो, मैदानाला वळसा घातला आणि रस्त्याने घोषणा देत निघालो.

चहाच्या टपरीपाशी समोरून सर! हातात चहाचा ग्लास. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "अरे वा! रॅली! मला सांगितलं नाही तुम्ही?" ग्लास ठेवला आणि आले की सगळ्यांच्या पुढे!

आता सरांच्या मागे चालत सरांच्या विरोधात घोषणा कशा द्यायच्या? मागून सुमेधचा आवाज आला, "झाडे लावा!" आम्ही सगळे ओरडलो, "झाडे जगवा!" करुणाही ओरडली. अख्खा मोर्चा वृक्षारोपणाचा होऊन विभागात पोहोचला. केबिनसमोर निवेदन द्यायला उभे राहिलो तर आत घ्यायला कोणी नाही. सर आमच्यातच उभे! त्यांनीही आमच्याबरोबर केबिनच्या बंद दाराकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाची वाट बघायची?"

तेव्हा मात्र करुणा पुढे झाली. "सर, प्रॅक्टिकल पाचच्या आधी संपलं पाह्यजे. माही गाडी जाते."

सर मायेने म्हणाले, "शाब्बास! बोललीस ना? आजपासून तू एसटी समितीची अध्यक्ष!"

*

एसटी समितीची सभा कधी? सरांचा दुसरा नियम, सभा कामकाज संपल्यावरच. म्हणजे साडेपाचनंतर. म्हणजे करुणाची गाडी गेल्यावर!

सोमवारी सभा भरली. अध्यक्ष गाडीत. मी लिहिलं, "अध्यक्ष अनुपस्थित असल्याने सभा तहकूब." पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. सर वैतागले. "ज्यांची समस्या, त्या अध्यक्षच गंभीर नाहीत! मग आम्ही काय करणार?"

मी म्हटलं, "सर, मधल्या सुट्टीत सभा घेऊ या का?"

"उत्तम सूचना!" सर म्हणाले. "तू सूचना समितीची अध्यक्ष."

परीक्षा जवळ येत चालली होती. करुणाने घरी बसायची तयारी केली होती, रंगपेटीसुद्धा मला देऊन टाकली. मी ती घेतली आणि पिशवीत ठेवली. मग प्रवीणचं डोकं चाललं. "अध्यक्ष सभेले येऊ शकत नसन, त सभाच अध्यक्षापाशी नेऊ. गाडीतच घेऊ सभा!"

सरांना कल्पना फारच आवडली. त्या सोमवारी त्यांनी साडेचारलाच उभं राहून सांगितलं, "आजचं कामकाज संपलं असं मी जाहीर करतो." म्हणजे प्रॅक्टिकल लवकर संपवता येतं, हे वर्गातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं. पण बोललं कोणी नाही. बोलणारा अध्यक्ष झाला असता!

*

तर आम्ही पाचच्या गाडीत बसलो. करुणा, प्रवीण, सुमेध, मी आणि सर. सरांनी सगळ्यांची तिकिटं शेवटच्या थांब्यापर्यंत काढली. गाडीत सरकीच्या ढेपेची पोती, शाळेची पोरं, बाजार करून निघालेल्या बाया. खिडक्या इतक्या वाजत होत्या की करुणाने काय मांडलं ते तिच्या शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं नाही. प्रवीण उभा राहून ओरडला, "मान्य असन त्यायनं हात वर करा!" अख्ख्या गाडीने हात वर केले. कंडक्टरला वाटलं सगळ्यांना उतरायचं आहे. त्याने घंटी मारली, गाडी थांबली, आणि मग कोणीच उतरेना म्हणून ड्रायव्हर आमच्यावर चिडला.

गावात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ड्रायव्हरने गाडी पारापाशी लावली, इंजिन बंद केलं आणि डबा घेऊन खाली उतरला. सरांनी कंडक्टरला विचारलं, "परत किती वाजता निघणार?"

"सकाळी सहाले," कंडक्टर म्हणाला. "मुक्कामी गाडी आहे न हे, सर."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. प्रवीण म्हणाला, "मले वाटलं, सरायले माहीत आहे." मला वाटलं होतं, प्रवीणने कोणाची तरी जीप सांगून ठेवली आहे. सुमेधला वाटलं होतं, मुक्कामच ठरलाय. तो टूथब्रश घेऊन आला होता!

पाराजवळ करुणाचे बाबा टॉर्च घेऊन उभे होते. त्यांची पिठाची चक्की आहे. भुवयांपर्यंत पीठ. त्यांनी आधी मुलीवर उजेड मारला, मग एकेक करून आमच्यावर. "हे कोण होत वं?"

"आमचे सर," करुणा म्हणाली.

पुढे काही न विचारता ते म्हणाले, "चाला घरी."

फोनला रेंज नव्हती. देवळाच्या ओट्याच्या एका कोपऱ्यावर उभं राहिलं की थोडी यायची. आधी प्रवीणने "याडी, मी काल येतो... नाही, उद्या, उद्या!" असं आईला सांगितलं. मग मी, मग सर. सरांच्या घरच्या बाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "अंधार पडलाय, तुम्ही आहात कुठं? कुणाबरोबर? मी किती वेळ दारात उभी आहे!" सर नुसते "हो, हो" करत होते.

करुणाच्या अंगणात पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. तिचे बाबा सरांच्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, "घरचे वाट पाहून राह्यले असतीन न, सर? मी बी रोज असाच उभा राह्यतो पारापाशी. गाडी दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसते."

सरांचा घास हातातच राहिला. मग ते एकदम भडकले. कोणावर, ते आम्हाला कळलं नाही, बहुधा त्यांनाही नाही. "पाचनंतर एकही गाडी नाही म्हणजे काय! माणसानं घरी जायचं कसं? काही वेळापत्रक आहे की नाही? याची तक्रार झालीच पाहिजे!"

प्रवीणने मान खाली घातली. सुमेध भाजीत काहीतरी शोधायला लागला. मी पाणी प्यायले.

करुणा भाकरी घेऊन आली. सरांच्या ताटात अर्धी वाढली, आणि वर्गात कधी ऐकू आला नव्हता इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सर, ज्याची तक्रार, त्याची कमिटी!"