दुसरा क्वार्टर बाकड्याचा

आमच्या शिरूरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधल्या कुणी दोघी जरी भेटल्या, बारशाला असो की बाजारात, तरी शेलार सरांचा विषय निघतोच. एकीनं एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. नवरे बिचारे गाडी सुरू करून ताटकळत बसतात!

शेलार सर आमचे कोच. मॅच दोन हाफऐवजी चार क्वार्टरची झाली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "दुसरा क्वार्टर बाकड्याचा!" म्हणजे पहिल्या पाचजणी बाहेर, बाकड्यावरच्या पाचजणी आत. समोर कुणीही असो, स्कोअर काहीही असो.

कारण साधं होतं. आम्ही बहुतेक जणी खेड्यातून यायचो. पोरगी मॅचला जाऊन नुसती बसून आली, की घरचे म्हणायचे, "बसायचंच हाय तर घरी बस की!" मग तिचा खेळ बंद व्हायचा, कधीकधी कॉलेजही.

* * *

कॅप्टन सुनंदाला हा नियम अजिबात पटत नव्हता. एकदा ती भर मॅचमध्ये तडकली, "सर, आम्ही लीड घ्यायची आन् ह्यांनी घालवायची!"

सर शांतपणे म्हणाले, "मग परत घे. तुला कशाला ठेवलीय?"

* * *

मी बाकड्यावरची. पहिल्याच मॅचला बॉल हातात आला आणि अडवायला समोर कुणीच नाही! जीव खाऊन पळाले, बास्केट केली. आपल्याच बाजूला! पॉइंट त्यांना मिळाले. वाटलं, संपलं, आता जन्मभर बाकडं.

सर ओरडले, "नेम चांगला हाय! आता तिकडं मार!" आणि क्वार्टर संपेपर्यंत त्यांनी मला काढलं नाही.

* * *

संस्थेतल्या एका अण्णांची पुतणी पहिल्या पाचात होती. अण्णा जीपमधून आले, म्हणाले, "आमची पोरगी पूर्ण मॅच खेळली पाहिजे."

"खेळवतो की, अण्णा. फक्त तिच्यापायी बाकड्यावरची बायडा बसूनच ऱ्हाईल, तर तिच्या आबाला तुम्ही सांगून या."

"कुठल्या गावची ही बायडा?"

"कवठे येमाई."

अण्णा निवडणुकीला उभे राहणार होते, आणि कवठ्यात मतं भरपूर. चहासुद्धा न घेता गेले!

* * *

पुण्याच्या एका टीमशी मॅच होती. दुसऱ्या क्वार्टरला आम्ही पाचजणी उतरलो तशी त्यांच्या कोचला वाटलं, काहीतरी डाव आहे. त्यांनीही आपल्या पाचजणी बदलल्या! मॅच झाल्यावर हळूच विचारायला आले, "सर, ही स्ट्रॅटेजी काय आहे?"

सर म्हणाले, "दहाही जणी पहाटेच्या एसटीनं आल्यात, साहेब. बाकडं बघायला न्हाई."

हे सांगताना आजही आमची मान ताठ होते.

* * *

दौंडची फायनल आम्ही जिंकलो. कप अजून कॉलेजात आहे. पण आम्हाला आठवते ती बायडा.

तिचं घराणं मेंढरं सोडून शेतीला लागलेलं, आणि घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. तिच्या वडिलांनी, आबांनी, तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं. म्हणाले, "ही खेळती का बसती, डोळ्यानं बघतो. बसली तर उद्यापास्नं कालेज बंद."

आले, आणि कोर्टाच्या कडेलाच उकिडवे बसले. पहिला क्वार्टर बायडा बाकड्यावर. आबा मान हलवायला लागले. त्यात आम्ही मागं पडलेलो. क्वार्टर संपला तरी सर बदलीचं नाव काढेनात. कॉलेजला पहिलाच कप मिळायचा होता, त्यांचाही जीव अडकला असणार.

तेवढ्यात सुनंदा आली आणि धपकन बाकड्यावर बसली. हो, तीच सुनंदा! "ऊठ बायडे. तुमचा क्वार्टर हाय."

बाकीच्या चौघीही येऊन बसल्या.

बायडा जी सुटली! समोरच्या कॅप्टनच्या हातातून बॉल काढून घेतला आणि थेट बास्केट. मग आणखी एक. मागून "हाण, बायडे!" असा आवाज आला. आम्ही वळून बघितलं, तर आबा उभे!

तिसरा क्वार्टर आला. नियमाप्रमाणं सरांनी बायडाला बोलावलं आणि ती येऊन बाकड्यावर बसली.

तसे आबा चपलांसकट कोर्टात घुसले. रेफरीची शिट्टी वाजतेय, पण आबा थेट सरांसमोर!

"ओ मास्तर, माझी पोरगी का बसवली? बसायचंच असतं, तर घरी नसती का बसली!"