धोंडिरामतात्यांनी थांबवलेली नाव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली अंथुर्ण्याहून उजनी धरणाच्या काठावरच्या एका शाळेत झाली. पहिल्याच दिवशी बाभळीखाली लाकडांचा मोठा सांगाडा उभा दिसला. आत उकिडवे बसून धोंडिरामतात्या कांबळे तासणीने लाकूड घडवत होते.

"तात्या, नकाशा कुठे आहे?" मी विचारले.

"नकाशा कशाला, गुरुजी? तळाचं लाकूड नीट बसलं की पुढचं तेच सांगतं."

दोरीच्या तुकड्याला मारलेल्या गाठी, एवढेच त्यांचे माप. त्या गाठींतून शिडाची अख्खी नाव आकाराला येत होती. मी तिथेच खिळून उभा राहिलो.

तात्या मूळचे निरवांगीचे. तरुणपणी ते कोकणात गेले आणि खाडीकाठी गलबते बांधणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली राबले. धरणाचे पाणी पसरले तेव्हा पलीकडच्या वस्तीचा इंदापूरचा रस्ता बुडाला. हे कानावर येताच ते इकडे परतले. आधी लहान होड्या केल्या. ही त्यांची पहिली मोठी नाव.

नाव पाण्यात सोडायचा दिवस मी विसरणार नाही. हार, नारळ, लाउडस्पीकर, पाहुणे, सगळे हजर. तात्या मात्र बोटांनी एकेक फळी वाजवत नावेभोवती फिरत होते. डाव्या अंगाला ते थबकले. पुन्हा वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "आज नाव पाण्यात जायाची न्हाय."

सरपंच चिडले. "तात्या, पाहुणं ताटकळल्यात! वरून तर फळी चांगली दिसतीया."

"वरून दिसतीया, आबा. पर हिच्यावर बायापोरं बसणार हायत."

सर्वांसमोर त्यांनी फळी उखडली. आतून ती काळी, पोखरलेली निघाली. सरपंचांनी आतला भुसा हातात घेतला आणि ते पाहुण्यांची क्षमा मागायला गेले. आठ दिवसांनी, नवी फळी बसल्यावरच नाव पाण्यात उतरली.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीतली एक लेक बाळंतपणात अडली. तिला घेऊन निघालेल्या नावेत मीही होतो. मध्यावर वावटळ उठली. लाटा डाव्या अंगावर आदळू लागल्या. ती पोर माझा हात घट्ट धरून कण्हत होती. तात्यांनी शीड निम्मे उतरवले, सुकाणू छातीशी धरले आणि तिला म्हणाले, "भिऊ नगंस, पोरी. मी बांधलीया हिला." काठाला लागल्यावर मी वाकून तळ चाचपला. वरून उडालेल्या शिंतोड्यांपलीकडे पाण्याचा थेंब नव्हता. संध्याकाळी इंदापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. तात्या तोवर दाराबाहेर उपाशी बसून होते.

आज तात्या साठ वर्षांचे झाले. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा ते संकोचून म्हणाले, "माझ्या एकट्याचं नगा छापू. संगं राबल्याली माणसं हायत." त्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून लिहितो: फळ्या पेलणारे शंकर आणि हुसेनभाई, सांध्यांत तेलाचा कापूस ठोकणाऱ्या सखूबाई.

तात्या, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपला हात फिरलेल्या नावेत बसताना आमच्या काठावरच्या कुणालाही कधी भीती वाटली नाही. आपल्या पुढच्या कैक नावांतून आमची नातवंडेही तशीच निर्धास्त पार होवोत.