हात शिंगापर्यंत

परभणीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. माणसं येतात ती हात अडकला म्हणून, पण तोंड कुणाचंच अडकलेलं नसतं! त्यामुळं माझ्याकडं फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

पाथरीचे एक रिटायर्ड गुरुजी. खांद्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा होता. तिसऱ्या आठवड्यात बघते तर झोळी डाव्या हाताला! ऑपरेशन उजव्याचं.

"गुरुजी, हे काय?"

"आलटून-पालटून घालतो. एकाच हातावर किती दिवस अन्याय करायचा?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

झरीचे नामदेवमामा कडब्याच्या गाडीवरून पडले अन् खांद्यातला स्नायू फाटला. दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. तीन बारकी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी! मामा हिरमुसले.

"पाव्हणे बघायला यायलेत अन् दाखवायला टाकाच न्हाई! आमच्या बापाला कसं, इथून तिथवर शिवलं होतं!"

शेवटी त्यांच्या बायकोनं, सखूमावशींनी, जुन्या धोतराची मोठ्ठी पट्टी बांधून दिली. पाव्हणे आले की बांधायची, गेले की सोडायची.

*

मामांना खरी काळजी पोळ्याची. वडील गेल्यापासून बैलाला बाशिंग त्यांनीच बांधलेलं, अन् त्यांचा हौश्या बैल लय उंच.

"मॅडम, हात शिंगापर्यंत जाईल का न्हाई, तेवढं सांगा."

एरवी हसणारा माणूस, पण हे विचारताना आवाज बसायचा. मला ठाम सांगता यायचं नाही, अन् त्याचं वाईट वाटायचं.

मी घरचा व्यायाम दिला: भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथं पेन्सिलीची रेघ मारायची. आठवडाभरात रेघ वीतभर वर! मामांच्या मोबाइलमधला फोटो बघून मी टाळ्याच वाजवल्या. मावशी सोबत होत्या.

"ती रेघ मोजू नका मॅडम. पाटावर उभारून मारलीय!"

*

पोळ्याला मला झरीला बोलावणं आलं. मामांच्या नव्या सदऱ्यावर खांद्याशी पिवळा डाग.

"काल खांदमळणी होती न्हवं," मावशी म्हणाल्या. "बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले. वाटीत उरलं ते ह्यांच्या खांद्याला लावलं. बैलांसारखं जेवायचं आवतन बी दिलं!"

सगळे हसले. मामा नाही हसले. त्यांनी बाशिंग उचललं. हात खांद्याच्या वर गेला, कानाशी आला अन् थांबला. शिंग अजून वीतभर लांब. मामांच्या भावानं बाशिंग घ्यायला हात पुढं केला, मामांनी मानेनंच नको म्हटलं.

तेवढ्यात हौश्यानं मान खाली घातली.

मामांनी बाशिंग बांधलं अन् तिथंच रडायला लागले. मीही रडले, लपवून काय करू!

मावशींनी पदरानं डोळे पुसले अन् माझ्याकडं वळल्या.

"मॅडम, हे मोजू नका बरं का. बैल वाकलाय!"