भास्करचं सोंग

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. त्याच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडीवरच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मी फोन ठेवला, उरलेला चहा प्यायलो, कप विसळून पालथा घातला. स्मशानातही डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ऑफिसात सोळा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस गेला आणि मी आपला दगडासारखा उभा. माझी मलाच लाज वाटत होती.

आमची ओळख झाली तीच भांडणातून. होळीनंतर त्याने गावच्या बोहाड्यासाठी रजा मागितली आणि अर्जात कारण लिहिलं, 'सोंग नाचवणे'. सगळं ऑफिस हसलं. मी म्हणालो, "लोक रजेसाठी आजारपणाचं सोंग घेतात, हा सोंगासाठी रजा घेतोय!" त्याला ते फार झोंबलं. दोन दिवसांनी डबा खाताना त्यानेच समजावून सांगितलं. आपण शहरात मुखवटा म्हणतो, त्या लाकडी चेहऱ्याला दिंडोरीपलीकडच्या त्याच्या गावात अजून सोंग हाच जुना शब्द. बोहाड्यात एकेका देवाचं सोंग एकेका घराण्याकडे असतं आणि ते तोंडावर बांधून संबळाच्या तालावर नाचायचं. त्याच्या घराण्याकडे भैरोबा होता.

दर वर्षी तो ते सोंग एसटीने मांडीवर घेऊन पंचवटीतल्या फ्लॅटवर आणायचा आणि गॅलरीत बसून रंगवायचा. रविवारी मी जायचो, मिशा वाकड्या झाल्यात म्हणून चिडवायचो. एकदा हट्टाने ते तोंडावर चढवलं आणि आतून म्हणालो, "बाप रे, मान मोडेल!" त्याने झटकन काढून घेतलं. "आतून बोलायचं नाय. तुमच्याकडं सोंग म्हणजे खोटेपणा. आमच्याकडं सोंग चढलं की देव खरा, माणूस खोटा. बोललास की माणूस निघाला." मग नारळ फोडून त्याने देवाची माफी मागितली, माझ्या वतीने.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनी आणि त्याचे गावाकडचे चुलते माझ्या घरी आले. घरात दुःख असलं की त्या घरच्यांनी वर्षभर सोंग बांधायचं नाही. पण ते खाली ठेवलं, तर मान दुसऱ्या घराकडे जातो. बाहेरच्या कुणीतरी नाचवायला हवं. "भाऊजी, त्यांचं सोंग पडू देऊ नका," वहिनी म्हणाल्या. मला नाचता येत नाही, मी म्हणालो. चुलते म्हणाले, "नाचू नका. नुसतं उभं राहा."

म्हणून बोहाड्याला गेलो. त्यांनी चेहऱ्याभोवती धोतराचं फडकं गुंडाळलं, वर भैरोबा चढवला, मागून दोर आवळला. आत तंबाखूचा वास होता, भास्करचा. मला काहीच वाटत नव्हतं. पाय आपोआप उचलले जात होते. बाया लेकरं पायावर घालत होत्या, भोकातून त्यांचे पदर तेवढे दिसत होते.

मग भास्करची आई आली. तिने पायांवर डोकं टेकलं, उठून दोन्ही हात सोंगाच्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "भैरोबा, माझ्या भास्करला सांभाळ रं बाबा. एकलाच हाय तो तिथं."

'आई' असं तोंडापर्यंत आलं होतं. दात घट्ट आवळले. चेहऱ्याभोवतीचं फडकं भिजत गेलं आणि मी, भैरोबाने, मान हलवून 'हो' म्हटलं.