रजेवरचा जावई

सुरतेच्या एका मोठ्या इस्पितळात चेतन आणि त्याची बायको योगिता, दोघंही भूल देणारे डॉक्टर. मुलगी झाली तेव्हा योगिताला सहा महिन्यांची रजा हक्काची होती. चेतननं पंधरा दिवस मागितले, तर विभागप्रमुख मेहतासाहेब पोट धरून हसले. "डिलिव्हरी तारी छे के एनी?" म्हणजे बाळंतपण तुझं की तिचं?

मावसभावाच्या लग्नासाठी इथे खुशाल सुट्टी मिळे. बाप झालो म्हणून आजवर कुणी मागितलीच नव्हती. शेवटी साहेबांनी सही केली, पण बजावलं, तिकडे नुसता लोळून आलास तर तुझ्यामागच्या कुणालाही रजा नाही.

घोळ असा, की पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मदतीला जायचं ते सुरतेच्याच बमरोलीला, खानदेशी सासुरवाडीत! आणि जावई दारात आला की सासूबाईंना, सुभद्राबाईंना, दुसरं काही सुचत नसे. चेतननं लंगोट धुवायला घेतले, त्यांनी हिसकावले. त्यानं लेकीला उचललं, त्यांनी खुर्ची सरकवली. "जवाईबापू, तुमीन बठा बरं!" बसला बिचारा. त्याच्या एका सुईनं धिप्पाड गडी घोरायला लागत, पण त्याच्या मांडीवर ही चिमुरडी टक्क जागी.

चौथ्या दिवशी जावयासाठी खापरावर मांडे करता करता सुभद्राबाईंची कंबर धरली. आता बाळंतीणच उठून आईला शेकायला बसली.

"वा रे तुझी रजा!" योगिताचे डोळे जागरणानं तारवटले होते. "घरात एक बाळंतीण होती, तू दोन केल्यास."

चेतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, पँट वर खोचली, मोरीत बसून सगळे लंगोट धुतले. खिचडी टाकली, ती करपली. मग रडणाऱ्या लेकीला खांद्यावर टाकून बाहेर पडला. शेजारीच लूमचं खातं, यंत्रमागांचा कारखाना. मागांची खटखट कानावर पडली आणि बया गप्प! बघता बघता गाढ झोपली. चेतन तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. पाय भरून आले तरी हलला नाही. घरात योगिता दुपारभर झोपली.

तो परतला तेव्हा शेजारच्या लीलाबाई दारात येऊन विचारत होत्या, जावई आलेत म्हणे?

"जवाई नही ऊना माय," सुभद्राबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या. "पोरना बाप ऊना शे." आणि मान वळवून, "चेतन, ते करपेल पातेलं बी घासी टाक रे!"

चेतनला इतका आनंद साहेबांच्या सहीनंही झाला नव्हता. लेकीला योगिताच्या कुशीत ठेवून तो पातेलं घासायला बसला.