तळाला भोक असलेला पेला

ती घटना आठवली की आजही त्या पेल्याचं गार टिन बोटांना लागतं. आता मी मुलाकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, दारातलं बर्फ उपसत असतो. पण ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका आडबाजूच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मी डेप्युटी होतो, शेरीफच्या हाताखालचा पोलीस. वाईजवळच्या खेड्यातला माणूस, गुन्हेगारीशास्त्र शिकायला गेलो आणि तिथलीच वर्दी चढवून बसलो. आमचा शेरीफ म्हणजे आपल्याकडचा फौजदारच समजा, फक्त मतं मागून खुर्चीवर आलेला. मी गोरा नाही आणि काळाही नाही, त्यामुळे माझं काय करायचं हे गावाला कधी नीट कळलं नाही. तपासात त्याचा मला फायदाच झाला.

एका गुरुवारी सकाळी फोन आला. एका कंपनीनं पाइनचं जुनं रान विकत घेतलं होतं आणि सोमवारी तिथे बुलडोझर लागणार होता. कुणीतरी मोजणीच्या खुंट्या उपटतंय आणि जमीन उकरतंय, अशी रखवालदाराची तक्रार होती.

"हातभट्टीवाले असणार, बाटल्या पुरून ठेवतात," शेरीफ म्हणाला. "जाऊन बघून ये."

गेलो, तर तिथे साठी उलटलेली एक कृष्णवर्णीय बाई. डोक्यावर चर्चला जाताना घालतात तशी हॅट, हातात लोखंडी गज. तो ती जमिनीत खुपसून चाचपत होती. उपटलेल्या पाच खुंट्या दोरीनं बांधून झाडाला टेकवून ठेवल्या होत्या. नासधूस करणारा माणूस खुंट्यांची मोळी बांधत नाही, एवढं मी मनात टिपून ठेवलं.

"खुंट्या मीच उपटल्या," ती म्हणाली. त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच.

ठाण्यावर आणून डायरीत नोंद केली, हक्क वाचून दाखवले. चौकशी सुरू केली. मी तिला प्रत्येक वाक्यात "मॅम" म्हणत होतो. वयानं मोठ्या बाईला एकेरी हाक मारायला माझी जीभ वळत नाही. शेजारच्या टेबलावरचे सहकारी मात्र गालात हसत होते. त्या इमारतीत काळ्या बाईला कुणी "मॅम" म्हणत नसे, हे मला नंतर समजलं.

दुपारी बायकोचा फोन आला. ती नागपूरची, पेशानं नर्स. मी तिला रात्री यायला उशीर होईल म्हणून सांगितलं आणि कारणही सांगितलं.

"अहो, तुमचं पेपरवर्क राहू द्या," ती म्हणाली. "त्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का?"

मला विचारायचं सुचलंच नव्हतं. लाज वाटली. माझ्या डब्यातल्या पोळीभाजीतला निम्मा वाटा त्या बाईसमोर ठेवला. तिनं तो संपवला आणि हात पुसले.

मी मुद्देमालाची यादी करायला घेतली. लोखंडी गज, एक. टॉवेल, एक. टॉवेलात गुंडाळलेला, मातीनं भरलेला टिनचा पेला, एक. शेऱ्यात लिहिलं, "तळाला भोक, निरुपयोगी." ठेवताना पेल्याच्या तळावरून अंगठा फिरला. भोक अगदी मधोमध होतं आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला वळलेली होती. गंजून असं भोक पडत नाही. कुणीतरी आतून खिळा ठोकला होता.

मी पेन खाली ठेवलं.

"मॅम, कोण गेलं होतं?"

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

पोलिसानं विचारायचं आणि समोरच्यानं सांगायचं, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी उलटं झालं. वडील वारले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरलो. मागून दगडानं भोक पाडलेलं, पाणी पाठीवरून ओघळत होतं. मग मडकं मागे टाकून फोडायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. हे सगळं मी तिला सांगितलं.

"मग? बघितलंत मागे?"

"बघितलं. वडील दिसतील असं वाटलं. पुढच्याच वर्षी आई गेली. माझ्या बघण्यानं गेली, असं कित्येक वर्षं वाटायचं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही."

तिनं पेला जवळ ओढला आणि बोलू लागली.

बाप वखारीत लाकडाखाली सापडून गेलेला. ती नऊ वर्षांची असताना आई आजारी पडली. तेव्हा दवाखान्याचं दारही वेगळं. तळघरात काळ्यांसाठी दोनच खाटा, दोन्ही भरलेल्या. परतीच्या वाटेवर गाडीतच आई गेली. मागे ही आणि दोन भाऊ. खोक्यावर उभी राहून ती मक्याच्या कण्यांची लापशी शिजवायची, कापूस वेचायची. थोरला भाऊ आणि ती मिळून बुटांची एकच जोडी. एक दिवस तो शाळेत जायचा, एक दिवस ही.

"आमच्यात माणूस गेलं की त्याचं वापरातलं भांडं फोडून थडग्यावर ठेवतात," ती म्हणाली. "म्हणजे साखळी तुटते. घरातलं दुसरं कुणी त्याच्या मागे जात नाही. आईचा निळ्या फुलांचा कप होता. तिचं म्हणून तेवढंच उरलेलं. मला फोडवेना. मी तो लपवला. सहा महिन्यांत धाकटा तापानं गेला. मग त्याचा पेला घेतला. टिन फुटेना, म्हणून खिळा ठोकला."

ते रान म्हणजे त्यांच्या लोकांची जुनी दफनभूमी, आणि खुंट्या थडग्यांमध्येच ठोकलेल्या, म्हणून तिनं उपटल्या होत्या. तो पेला तिला त्याच सकाळी सापडला होता. धाकट्याच्या डावीकडे आई. सोमवारच्या आधी तिला आईचा कप पोचवायचा होता.

"हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"या इमारतीत काही सांगून आमचं कधी भलं झालं नाही, ऑफिसर."

दफनभूमी कुणाचीही असो, कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नव्हता. पण शेरीफ म्हणाला, "एका पेल्यानं स्मशान होत नाही. पुरावा आण."

शुक्रवारी सकाळी ती, शेरीफ आणि मी असे तिघं रानात गेलो. ती बोट दाखवायची, मी गज खुपसायचो. पाइनच्या सुयांखाली कंदिलाची काच निघाली, काटे थांबलेलं घड्याळ निघालं, शिंपले निघाले, फोडलेल्या बशा निघाल्या. प्रत्येक वस्तूबरोबर ती एकेक नाव सांगत गेली. सातव्या नावाला शेरीफनं टोपी काढली. दुपारी तो स्वतः कोर्टात गेला. काम थांबलं आणि कंपनीनं तक्रार मागे घेतली. यादीतला "निरुपयोगी" हा शब्द मी खोडला आणि बाजूला सही केली.

नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. माणूस आपला गुन्हा एकवेळ कबूल करतो. पण लहानपणी न केलेला गुन्हा मात्र जन्मभर उरावर वागवतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. त्या बाईनं तो वागवत थोरल्या भावाला शिकवून मास्तर केलं, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना जेवू घातलं. हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कळलं नसतं.

रविवारी चर्चनंतर ती कप घेऊन रानात आली. मीही गेलो, वर्दी न घालता. कप हातात धरून ती नुसतीच उभी राहिली.

"मॅम, तुम्ही नऊ वर्षांच्या होतात," मी म्हणालो. "आईचा कप कुठलं मूल फोडेल?"

तिनं माझ्या गालाला हात लावला. "आणि तू बारा वर्षांचा होतास, लेकरा. बापाकडे बघणारच."

मग ती खाली बसली, कप दगडावर हलकेच आपटला आणि दोन्ही तुकडे आईच्या उशाशी ठेवले. आम्ही गाडीकडे निघालो. चार पावलांवर ती थांबली आणि वळून तिकडे पाहत राहिली. मीही पाहिलं.