टायपिस्टकाकांचं इंग्रजी

टायपिस्टकाकांचं इंग्रजी म्हणजे काय विचारता! छत्तीस वर्षं कचेरीत अर्ज, नोटिसा आणि खुलासे बडवलेला माणूस. त्यांच्या तोंडून 'प्लीज' कधी निघालंच नाही, कायम 'काइंडली'. कुणाला साधं काही सांगायचं तरी ते 'इन्फॉर्म' करायचे. साहेबलोकसुद्धा मान द्यायचे त्या इंग्रजीला. आणि म्हातारपणी मेलं तेच घशात अडकून बसलं.

लेक परदेशात, जावई तिकडचा, घरात सगळं इंग्रजीतच. सहा वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. रविवारी व्हिडिओवर काका तिला विचारायचे, "आय ट्रस्ट यू आर इन गुड हेल्थ?" पोरगी आईच्या तोंडाकडे बघायची. शेवटी लेकीनं सांगितलंच, "बाबा, जरा साधं बोला हो. ती म्हणते, आजोबा शाळेच्या नोटिशीसारखे बोलतात. फोनवर यायलाच नको म्हणते."

हे मात्र जिव्हारी लागलं. एकुलती एक नात, तीच दुरावली तर राहिलं काय? काकांनी पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे पोराटोरांचे: हाय, ओके, सी यू. कागद फोनशेजारी भिंतीला डकवला.

"या वयात परीक्षेला बसलात की काय?" काकूंनी विचारलं.

"बसलोय, आणि दर रविवारी नापास होतोय."

खोटं नव्हतं ते. 'हाय' म्हणायला तोंड उघडावं, तर 'गुड इव्हनिंग' बाहेर पडायचं.

एका मंगळवारी भर दुपारी फोन वाजला. काकू बाजारात गेलेल्या. पडद्यावर नात एकटीच, आईचा फोन घेऊन कपाटाआड बसलेली, रडून रडून डोळे सुजलेले. कुजबुजत तिनं सांगितलं, की बाबा भांडून बॅग घेऊन गेले, आई दार लावून रडतेय, मला भीती वाटतेय. आणि मी फोन केला हे आईला सांगू नका.

काका फोनवर वाकले. पोरीनं दुसऱ्या कुणाला नाही, त्यांना फोन केला होता! त्यांनी कागदाकडे पाहिलं. घाबरलेल्या लेकराशी काय बोलायचं, ते एकाही रकान्यात नव्हतं. आणि सवयीनं जे यायचं तेच तोंडातून आलं, "काइंडली डू नॉट वरी. द मॅटर विल बी लुक्ड इनटू."

"व्हॉट?"

काहीतरी धीर द्यावा म्हणून काका घाईघाईनं म्हणाले, "युवर मदर विल बी इन्फॉर्म्ड."

"नो! नो!" पोरगी किंचाळली आणि फोन बंद झाला.

काकांनी चारदा फोन लावला. कुणी उचलला नाही. काळा पडदा दोन्ही हातांत धरून ते बोलत राहिले, "अगं माझ्या सोन्या, रडू नको गं. मी आहे ना. ये, आजोबांच्या कुशीत ये बघू." एकही शब्द शोधावा लागला नाही.